तुटता तारा आणि तापीतली नाव

"तारा तुटला, आता कोणीतरी जाणार!" हे बोल खानदेशात अजूनही कानी पडतात. घरात कोणी आजारी असले, की त्या एका रेघेने सारी रात्र काळजीत जाते. ही भीती खरी. तिचे कारण मात्र खरे नाही. कसे, ते या पाठात पाहू.

धुळे जिल्ह्यात मुडावद येथे पांझरा तापीला मिळते. संगमावर कपिलेश्वराचे देऊळ आहे. मार्गशीर्षातल्या एका रात्री आम्ही काही मंडळी तापीतून नावेने चाललो होतो. पाणी संथ होते. एकाएकी डोक्यावर पांढरी रेघ उमटली नि विझली. बरोबरच्या म्हातारीने परगावच्या लेकाचे नाव घेतले नि रडू लागली. नावाडी वल्हे न थांबवता म्हणाला, "माय, वर पाहा. सगळे तारे जागच्या जागी आहेत."

नावाड्याचे बोलणे शास्त्राला धरूनच आहे. तुटतो तो तारा नव्हेच. तो वाळूच्या कणाएवढा, फार तर खड्याएवढा दगड असतो. सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने तो आपल्या हवेत शिरतो. पुढची हवा दाबली जाऊन तापते, दगडाची वाफ होते आणि सुमारे १०० किलोमीटर उंचीवर उजेड पडतो. हीच उल्का.

आता नावेचाच दाखला घ्या. नाव पुढे जाते तेव्हा पाण्यावरचा पालापाचोळा नाळेवर जास्त आदळतो, मागे कमी. पृथ्वीही सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. मध्यरात्रीनंतर आपण या नावेच्या पुढल्या अंगाला येतो, म्हणून पहाटे उल्का अधिक दिसतात. काकड्याला उठणाऱ्यांना त्या जास्त दिसतात, त्याचे कारण हेच.

दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीकडून उल्कांचा वर्षाव होतो. फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेली ती धूळ. हा लघुग्रह १९८३ साली सापडला. ठरल्या तारखेला, साऱ्या गावांना सारखीच दिसणारी गोष्ट एकाच घराचा निरोप कशी आणील? विचार करा.

क्वचित दगड पुरता जळत नाही, जमिनीवर पडतो. खानदेशातच मानेगाव येथे २९ जून १८४३ रोजी असा अशनी पडला. तो ज्या जातीचा आहे, ते दगड मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या वेस्ता या लघुग्रहावरून आले, असे शास्त्रज्ञ मानतात.

पण आकाशातला प्रत्येक जाळ उल्का नसतो. २ एप्रिल २०२२ रोजी, पाडव्याच्या संध्याकाळी, खानदेश-विदर्भावरून जळते तुकडे रांगेने सरकताना हजारोंनी पाहिले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष होते, असे जाणकारांनी सांगितले. चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचे मोठे कडे पडले. ओळखण्याची खूण सोपी: उल्का बहुधा एक-दोन सेकंदांत विझते, अग्निबाणाचे तुकडे सावकाश, बराच वेळ जळत जातात.

तेव्हा मंडळी, पुन्हा रेघ दिसली तर मुलांना हाक मारा, दाखवा, समजावून सांगा. आजारी माणसाजवळ मात्र अपशकुनाची भाषा नको. रेघ त्याचे काही करीत नाही. आपल्या तोंडचे शब्द त्याचा धीर खचवू शकतात. त्याला औषध वेळेवर द्या, उशाशी बसा, नाम घ्या. आणि परगावच्या लेकाची आठवण आली, तर त्याची खुशाली विचारा; त्यासाठी तारा तुटायची वाट कशाला पाहायची?