जुन्या जीपमध्ये मोबाईलची गाणी

जीप जुनी, रेडिओही जुना. गाणी मात्र मोबाईलमध्ये. ती रेडिओवर कशी वाजणार? बोटाएवढे एक यंत्र मिळते. त्याला एफएम ट्रान्समीटर म्हणतात. सिगारेट पेटवायच्या खोबणीत ते बसते. ते चिमुकले रेडिओ-केंद्रच समजा! मोबाईलचे गाणे ते ब्लूटूथने घेते, लहरींवर सोडते, आणि रेडिओ ते पकडतो.

रेडिओवर 88 ते 108 मध्ये जिथे नुसती खरखर येते, तो आकडा शोधा. तोच यंत्रावर लावा. पण गाडी उभी करून! घाटात एक हात स्टेअरिंगवर नि एक यंत्रावर, हे आम्हांला मुळीच पसंत नाही.

रेडिओला एफएम नसेल तर यंत्र घेऊ नका. मोठ्या ट्रकची वीज बहुधा 24 व्होल्टची असते. नुसत्या 12 चे यंत्र तिथे जळेल. ‘12-24’ छापलेले वाचल्याशिवाय आम्ही तर दुकानदाराला पैसे देत नाही.