कर्करोगावरील औषधोपचार व त्याचे त्रास



कर्करोगाचें औषध घेऊन रोगी घरीं येतो. थोड्याच दिवसांत त्याचे केस गळूं लागतात, अन्न नकोसें होतें, आणि शेजारीपाजारी म्हणतात, "औषधानेंच माणूस खचला, आतां पुरे करा." मग दुसरी खेप लांबते, तिसरी राहून जाते, आणि जो रोग हटूं लागला होता तो पुनः बळावतो. हें बहुधा अज्ञानामुळें घडतें. म्हणून हें औषध काय करतें व त्याचे त्रास कां होतात, ह्याचा आज आपण अभ्यास करूं.

१. हें औषध काय करतें?

आपलें शरीर सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. जुन्या पेशी मरतात व त्यांच्या जागीं नव्या होतात. हें काम शिस्तीनें चालतें. कर्करोगाच्या पेशी ही शिस्त मोडून वाढतच जातात. शस्त्रक्रियेनें गांठ काढतां येते. पण ज्या पेशी रक्तावाटें दूर गेल्या त्यांस गांठण्यास सर्व शरीरांत फिरणारें औषध लागतें. त्या उपचारास केमोथेरपी म्हणतात.

ह्या उपचाराचा आरंभ १९४२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत झाला. युद्धांतील विषारी वायूच्या जातीचें एक द्रव्य तेथें एका रोग्यास दिलें असतां त्याच्या गांठी विरघळल्या, परंतु पुढें त्या परत आल्या. त्यानंतर अनेक औषधें निघालीं. आपल्या अंगणांतील सदाफुलीपासूनहि व्हिन्क्रिस्टिन नांवाचें औषध काढितात. पण ह्यावरून कोणी सदाफुलीचीं पानें घरीं खाऊं नयेत. तीं विषारी आहेत.

२. त्रास कां होतात?

खुरपणी करितांना तणाबरोबर पिकाचीं कांहीं कोवळीं रोपेंहि उपटलीं जातात. तसेंच येथें होतें. हें औषध झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतें. आणि केसांचीं मुळें, तोंडाचें व आंतड्यांचें अस्तर, आणि हाडांतील मगज, जेथें रक्त तयार होतें, ह्या ठिकाणच्या निरोगी पेशीहि झपाट्यानें वाढत असतात. म्हणून केस गळतात, तोंड येतें, ओकारी किंवा जुलाब होतात, व रक्त कमी होतें. निरोगी पेशी पुनः भरून याव्या म्हणूनच दोन खेपांमध्यें कांहीं दिवस, पुष्कळदां तीन आठवडे, सोडितात. केस बहुधा उपचार संपल्यावर पुनः येतात. प्रत्येक औषधाचे त्रास निरनिराळे असतात, व प्रत्येक रोग्यास सर्वच त्रास होतात असें नाहीं.

३. काय करावें?

ताप ही सर्वांत मोठी धोक्याची खूण होय. औषधानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तांतील पांढऱ्या पेशी फार कमी होतात, व जंतूंशीं झुंजण्याची शक्ति राहत नाहीं. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाल्यास, अथवा थंडी वाजून आल्यास, रात्र असली तरी त्याच वेळीं रुग्णालयांत जावें. घरीं तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहूं नये. थोड्या तासांत प्राणावर बेतूं शकतें.

ओकारीचें औषध सांगितल्या वेळीं घ्यावें. ओकारी सुरू होण्याची वाट पाहूं नये. थोडें थोडें, ताजें व शिजवलेलें अन्न खावें. पाणी उकळून प्यावें. हात वारंवार धुवावे. तोंड आलें असतां तिखट टाळावें. रक्तस्राव, धाप, किंवा पाणीहि न ठरणें, असें झाल्यास तत्काळ कळवावें. वैदूची मुळी किंवा भस्म डॉक्टरांस न सांगतां देऊं नये.

४. घरच्यांचें कर्तव्य

कर्करोग स्पर्शानें किंवा उष्ट्यानें लागत नाहीं. रोग्याचें ताट वेगळें मांडणें व मुलांस त्याच्यापासून दूर ठेवणें हें निष्कारण दुःख देणें होय. मात्र औषधानंतर दोन दिवस त्याची ओकारी व मलमूत्र उचलतांना हातमोजे घालावे, कारण त्यांत औषधाचा अंश असतो. आजारी पाहुण्यांनीं भेटीस जाऊं नये.

त्रास असह्य झाला तर गुपचूप उपचार सोडूं नये, डॉक्टरांस सांगावें. ते मात्रा कमी करितात, खेप पुढें ढकलितात किंवा औषध बदलतात. उपचाराचा हेतु रोग घालविण्याचा आहे कीं केवळ त्रास हलका करण्याचा, हेंहि निःसंकोच विचारावें. तें जाणण्याचा रोग्यास हक्क आहे. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवकास भेटावें. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंत ह्या उपचाराचाहि समावेश आहे.

उपदेशक बंधूंनीं रोग्याच्या घरीं जातांना पुढील खेपेची तारीख अवश्य विचारावी, व सोबतीस कोणी नसेल तर सोबतीची व्यवस्था करावी.

अभ्यासासाठीं प्रश्न: (१) केस गळणें हें रोग वाढल्याचें लक्षण आहे काय? (२) दहाव्या दिवशीं ताप आला तर काय कराल? (३) आपल्या गांवीं रोग्याचें ताट वेगळें मांडणाऱ्यास आपण काय सांगाल?