पाण्यात उतरणारी गाडी

कऱ्हाडहून पाटणमार्गे निघालेली एस.टी. कोयनेच्या काठाने पश्चिमेकडे चढू लागली, म्हणजे दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावलेली कोयना नदी बराच अंतर दक्षिणेकडे धावत येते आणि हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेकडे वळून पुढे कऱ्हाडला कृष्णेस मिळते. या वळणाच्या वरच्या अंगाला १९६४ साली पूर्ण झालेले कोयना धरण उभे आहे, आणि धरणाच्या कामासाठी वसलेले कोयनानगर त्याच्या खालच्या बाजूस आहे.

कोयनानगरला आलेला प्रवासी प्रथम नेहरू उद्यानाकडे वळतो. तेथून धरणाची भिंत दिसते. तिची लांबी ८०० मीटरांहून अधिक व उंची १०३ मीटर आहे. भिंतीच्या पलीकडे शिवसागर जलाशय पसरला आहे. तो पार तापोळ्यापर्यंत, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर लांब गेलेला आहे. पूर्ण भरला असता त्यात सुमारे १०५ टी.एम.सी., म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातील बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून कोकणच्या बाजूस नेऊन त्यावर वीज निर्माण करतात. उरलेले नदीच्या मार्गाने कृष्णेत जाते व थेट सांगलीच्या शेतांना आणि नळांना उपयोगी पडते.

एवढे विस्तीर्ण पाणी पाहिले की सहलीला आलेल्या मुलांच्या मनात एक इच्छा हटकून येते. या पाण्यावरून होडीने तापोळ्यापर्यंत जाता आले तर काय मौज येईल! परंतु धरणाच्या सुरक्षिततेसाठी भिंतीच्या जवळपास नौकाविहारास मुभा नाही. ज्याला शिवसागरावरून प्रवास करावयाचा असेल, त्याला पुन्हा कऱ्हाडवरून साताऱ्यास यावे लागते. तेथून कासच्या पठारावर चढून पलीकडच्या उतारावरील बामणोली गावी पोहोचावे लागते. बामणोलीस रस्ता पाण्यापाशी येऊन संपतो. गाडी थांबते. उतारू आपापली बोचकी, पिशव्या, धान्याची पोती उतरवून घेतात व काठाला लागलेल्या लाँचमध्ये चढतात.

गाडीतून उतरून नावेत चढण्याचा हा खटाटोप पाहून एखाद्याला वाटेल, की ही गाडीच सरळ पाण्यात का उतरत नाही? प्रश्न पोरकट वाटला तरी तो मुळीच पोरकट नाही. रस्त्यावर धावणारी आणि पाण्यावर तरंगणारी गाडी जगात खरोखरीच आहे, आणि काही शहरांत तिच्यात बसून लोक हौसेने शहर पाहावयास जातात.

लोखंडाची गाडी तरंगते कशी, हे पाहण्यास थोडे गणित पुरे आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, हा आर्किमिडीजचा नियम शाळेत शिकवितात. समजा, एका गाडीचे वजन १० टन आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. म्हणून या गाडीने १० घनमीटर पाणी बाजूस सारले पाहिजे. तिचा तळ ८ मीटर लांब व अडीच मीटर रुंद, एखाद्या बंद पेटीसारखा केला, तर तळाचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर होते. गाडी अर्धा मीटर पाण्यात बुडाली, की १० घनमीटर पाणी सरते आणि ती तरंगू लागते. आता तीत सरासरी ५० किलो वजनाची ४० माणसे बसविली, तर वजन दोन टनांनी वाढेल आणि गाडी आणखी १० सेंटिमीटर खाली जाईल. मात्र या हिशेबात एक अट आहे. पेटीला कोठेही भोक असता कामा नये. साध्या बसच्या तळातून, दारांतून आणि सांध्यांतून पाणी सहज आत शिरते. म्हणून ती तरंगत नाही. उभयचर गाडीचे अंग नावेसारखे अखंड असते, आणि चाकांचे दांडे जेथे तळातून बाहेर येतात तेथे पाणी आत येऊ नये अशी योजना असते. तरीही थोडे पाणी झिरपतेच. ते उपसून टाकण्यास पंप ठेवलेले असतात. पाठीमागे नावेला असतो तसा पंखा असतो. गाडी पाण्यात शिरली, की चालक इंजिनाची शक्ती या पंख्याला जोडतो, आणि दिशा बदलण्याचे काम सुकाणू करू लागते.

अशा गाड्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध गाडी युद्धात जन्मास आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यापुढे एक अडचण उभी होती. सामानाने भरलेली जहाजे शत्रूच्या किनाऱ्यापर्यंत नेता येत; परंतु जेथे बंदर नाही, धक्का नाही, तेथे ते सामान जमिनीवर उतरवावयाचे कसे? १९४२ साली सैन्याच्या सहा चाकी मालमोटारीला नावेचे अंग देऊन एक नवी गाडी बनविण्यात आली. शिडाच्या नौका आखणारे रॉड स्टीफन्स यांचा तिच्या रचनेत मोठा वाटा होता. कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे तिला डी-यू-के-डब्ल्यू अशी चार अक्षरे मिळाली. इंग्रजीत बदकाला ‘डक’ म्हणतात. अक्षरांचा उच्चार त्या शब्दाच्या जवळ येत असल्याने सैनिक तिला ‘डक’च म्हणू लागले, आणि जमिनीवर चालणाऱ्या व पाण्यात पोहणाऱ्या गाडीला याहून शोभणारे नाव शोधूनही सापडले नसते.

आरंभी सैन्यातील अधिकाऱ्यांना या विचित्र वाहनाविषयी फारसा विश्वास नव्हता. परंतु त्याच वर्षीच्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केप कॉड येथे, तटरक्षक दलाची एक नौका वादळात वाळूच्या दांड्यावर अडकली. तिच्यावर सात माणसे होती. लाटा इतक्या उंच होत्या, की नेहमीच्या होड्यांना तिच्याजवळ जाता येईना. चाचणीसाठी जवळच आणलेली ‘डक’ गाडी वाळूवरून धावत येऊन लाटांत शिरली आणि सातही जणांना घेऊन परत किनाऱ्यावर चढली. त्यानंतर शंका उरली नाही. पुढील काळात अशा २१,००० हून अधिक गाड्या बनल्या. १९४३ मध्ये सिसिलीच्या व १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यांनी जहाजांतील सामान सरळ जमिनीवर नेऊन ठेवले. रस्त्यावर ती ताशी सुमारे ८० किलोमीटर धावे. पाण्यात मात्र तिचा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास असे. तिची एक गंमत विशेष आहे. मऊ वाळूत चाके रुतू नयेत म्हणून टायरांतील हवा कमी करावी लागते, आणि पक्क्या रस्त्यावर ती पुन्हा भरावी लागते. या गाडीच्या चालकाला ही दोन्ही कामे आपल्या जागेवर बसूनच करता येत.

युद्ध संपले आणि या गाड्या स्वस्तात विकावयास निघाल्या. १९४६ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन डेल्स या ठिकाणी प्रवाशांना नदी व डोंगर दाखविण्यासाठी त्यांचा उपयोग सुरू झाला. १९९४ मध्ये बोस्टन शहरात अशी सहल सुरू झाली. गाडी शहरातील जुन्या इमारतींपुढून, रहदारीतून, इतर मोटारींच्या बरोबरीने जाते. पूर्वी चालकच प्रत्येक स्थळाची माहिती सांगत असे. मग रस्ता चार्ल्स नदीच्या काठी उतरू लागतो, गाडी थांबत नाही, मुले एकमेकांना घट्ट धरतात, आणि दुसऱ्याच क्षणी दोन्ही बाजूंना पाणी उसळते. खडखडाट थांबतो. मघाशी जे शहर रस्त्यावरून पाहिले, तेच आता पाण्यावरून दिसू लागते.

या सहलीचा सगळा जीव त्या एका उतारात असतो. गाडी, चालक, प्रवासी सर्व असले आणि पाण्यात उतरण्यास पक्का, बेताचा उतार नसला, तर काहीच चालत नाही. लंडनमध्ये थेम्स नदीवर अशीच सहल कित्येक वर्षे चालली होती. परंतु सांडपाण्याच्या एका प्रचंड बोगद्याच्या कामासाठी नदीकाठचा तो उतार घेतला गेला, आणि २०१७ मध्ये सहल बंद पडली. आपल्या देशातही २०१६ च्या डिसेंबरात पंजाबमध्ये, बियास व सतलज यांच्या संगमावरील हरिके येथे, पाण्यात चालणारी बस मोठ्या थाटाने सुरू झाली होती. पण तीही फार काळ चालली नाही.

या वाहनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते ना पुरते जहाज, ना पुरती बस. त्याचा काठ पाण्याच्या पातळीपासून फार उंच नसतो, म्हणून लाटा वाढल्या की पाणी आत येते. १९९९ साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात अशी एक गाडी बुडून १३ माणसे दगावली. उन्हापावसासाठी लावलेल्या छतामुळे लोकांना बाहेर पडता आले नाही, हे चौकशीत दिसून आले आणि अशी छते काढावीत, असे तपास करणाऱ्यांनी सुचविले. सर्वांनी ते ऐकले नाही. १९ जुलै २०१८ रोजी मिसूरी राज्यातील टेबल रॉक सरोवरावर वादळाचा इशारा मिळालेला असतानाही एक गाडी पाण्यात उतरली. तीत ३१ माणसे होती. त्यांतील १७ परत आली नाहीत.

आता बामणोलीच्या काठावर परत यावे. अशी गाडी येथे आणली तर चालेल काय? शिवसागराचा काठ एका जागी राहत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरला, की पाणी झाडांच्या बुंध्याशी येते. मग वीज आणि शेती यांसाठी ते वापरले जाते, आणि काठ दिवसेंदिवस खाली खाली सरकतो. चैत्रवैशाखात, जेथे लाँच लागत होती तेथे भेगाळलेला गाळ असतो. पक्का उतार बांधावयाचा तरी कोठे? आश्विनात बांधलेला उतार पाण्याखाली असेल आणि वैशाखात तोच पाण्यापासून लांब वर राहील.

शिवाय येथे पाहावयाचे शहर नाही. जे होते ते पाण्याखाली आहे. धरणापूर्वी या खोऱ्यात नदीच्या दोन्ही तीरांवर गावे होती. त्यांची भाताची खाचरे होती, देवळे होती, एका गावाहून दुसऱ्या गावास जाणाऱ्या पायवाटा होत्या. पाणी चढले तेव्हा शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ पोहोचली. बहुतेक कुटुंबे आपली जागा सोडून सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड अशा दूरच्या जिल्ह्यांत गेली. काही डोंगराच्या अंगावर वर सरकून राहिली. पूर्वी ज्यांना नदी ओलांडून शेजारच्या गावी जाण्यास थोडा वेळ पुरत असे, त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या मध्ये आता जलाशय आला. बाहेरचा प्रवासी वासोट्याचा किल्ला पाहण्यासाठी वर्षातून एकदा लाँचमध्ये बसतो आणि पाण्यावरचा वारा अंगावर घेत सुमारे दीड तास आनंदात घालवितो. कांदाटी खोऱ्यातील माणसाला मात्र बाजारासाठी, कचेरीच्या कामासाठी, आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यासाठी त्याच पाण्यावरून जावे लागते. वारा सुटला, तर वाट पाहावी लागते.

या लोकांनी आपली उभयचर गाडी वेगळ्या रीतीने तयार केली आहे. तिला तराफा म्हणतात. रुंद, सपाट अशा या तराफ्यावर फळ्यांवरून जीप चढवितात, मागे मोटारसायकली उभ्या करतात, मधल्या जागेत माणसे राहतात. तराफा संथपणे पलीकडच्या काठाला लागतो, जीप खाली उतरते आणि चिखलातून वर चढून रस्त्याला लागते. जीपला पोहावे लागत नाही, आणि तराफ्याला जमिनीवर चालावे लागत नाही. काठ खाली गेला, की तराफाही त्याच्याबरोबर खाली जातो; पक्का उतार नसला तरी त्याचे अडत नाही. तापोळ्याच्या बाजूस जलाशयावर मोठा पूल बांधण्याचे कामही हाती घेण्यात आले.

मे महिन्यात पाणी फार ओसरले, म्हणजे गाळातून काही ठिकाणी जुन्या घरांची जोती आणि देवळांचे दगड वर दिसू लागतात. लाँचमधून जाणारी म्हातारी माणसे मग बोट करून नातवंडांना सांगतात, हे आपले घर, तो पाणवठा, आणि ही वाट पलीकडच्या गावी जात असे. पहिला जोराचा पाऊस होईपर्यंत ती वाट तशीच उघडी असते.