रडण्यावर जाऊ नका

इंग्लंडमधल्या तुरुंगात मानसशास्त्रज्ञ म्हणून मी लैंगिक गुन्ह्यांच्या कैद्यांचे उपचारगट घेते. त्या कामातून पटलेल्या या गोष्टी.

१. कैदी गुन्हा कबूल करून ढसाढसा रडला की बघणाऱ्याला वाटतं, सुधारला. पण हॅन्सन आणि बुसिएर या संशोधकांनी १९९८ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नाकबुलीचा किंवा पीडितेबद्दल कणव नसण्याचा पुन्हा गुन्हा घडण्याशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो विकृत लैंगिक आकर्षणाशी आणि बेबंद, समाजविरोधी वागण्याशी. रडणं खोटं असतं असं नाही. त्यावरून धोका ठरत नाही, एवढंच.

२. वर्षानुवर्षं चाललेला कार्यक्रमही तपासून घ्यावा. इथल्या तुरुंगांत १९९०च्या दशकापासून चाललेल्या मुख्य उपचार कार्यक्रमाचं मूल्यमापन न्याय मंत्रालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलं. कार्यक्रम पूर्ण केलेल्यांपैकी १० टक्के जणांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता. कार्यक्रम न घेतलेल्या तशाच कैद्यांपैकी ८ टक्के! तो कार्यक्रम बंद झाला. त्याच्या जागी आलेल्या ‘होरायझन’ कार्यक्रमात कबुलीची अट नव्हती. राग, एकटेपणा, नाती हे सगळं पुढे कसं सांभाळायचं, यावर भर होता. मला हा बदल पटला. गुन्ह्याचा तपशील आठ-दहा जणांसमोर पुन्हा पुन्हा उगाळून काय साधायचं, हा प्रश्न मला आधीपासून होता.

३. ज्याचा धोका मोठा, त्याच्यावर मेहनत जास्त. कमी धोक्याच्या माणसाला अट्टल गुन्हेगारांच्या गटात बसवू नये, तो नको ते शिकतो.

४. गट कोण घेतं, हे छापील पाठांपेक्षा महत्त्वाचं. २०१९च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात पात्र मानसशास्त्रज्ञ सतत हजर होता तिथे निकाल चांगले दिसले. खर्चाला कात्री लागते ती नेमकी इथेच.

५. सुटल्यावर सोबत हवी. कॅनडातल्या हॅमिल्टनला १९९४ साली एका मेनोनाइट पाद्र्याने चार-पाच स्वयंसेवकांना सुटलेल्या माणसाभोवती उभं केलं. आधार द्यायचा आणि नजरही ठेवायची. ती पद्धत इंग्लंडमध्येही रुजली.

६. पुण्याला गेले की मावशी विचारते, “असल्या लोकांवर पैसा कशाला गं घालवता?” मी सांगते, “मावशी, शिक्षा संपली की यांतले बहुतेक जण सुटतातच.”