अभ्यासिकेतील कल्याणमित्र
(रसायनशास्त्राच्या उदाहरणांच्या निमित्ताने)

निवासी शाळेचा कस रात्रीच्या अभ्यासिकेत लागतो. विषयशिक्षक घरी गेलेले असतात, शिकवणी वर्गाची फी पालकांच्या आवाक्याबाहेरची असते आणि दहावीच्या विद्यार्थ्याच्या वहीत रसायनशास्त्राचे एखादे उदाहरण अडलेले असते. घरी विचारावे, तर बहुतेकांच्या घरात विज्ञान शिकलेले हे पहिलेच मूल. अशा वेळी त्याला आधार उरतो तो शेजारच्या सतरंजीवर बसलेल्या वर्गमित्राचा. त्या मित्राने काय करावे, हा प्रश्न वरवर लहान वाटतो. आपल्या समाजापुरता मात्र त्याला मोठा इतिहास आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना शिक्षकांनी विद्यार्थी भीमरावांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. ते बाटू नयेत म्हणून मुलांनी धावत जाऊन ते दूर केले. बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदलेला हा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो. त्यात शिक्षकाने बोलावले होते, फळा होता, खडू होता. नव्हता तो फक्त सहाध्यायी. एका वर्गात बसणे आणि एकमेकांचे सहाध्यायी असणे यांत केवढे अंतर असते, हे त्यावरून कळते. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक उत्तीर्ण झाले, ते अशा एकाकीपणातून वाट काढत.

मुलांनी मुलांना शिकविण्याची कल्पना तशी जुनी आहे. मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेत डॉ. अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ती राबविली आणि १७९७ साली तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून त्यांना स्वतःच्या शाळेत बदल सुचले होते. पुढे इंग्लंडमध्ये ही पद्धत फोफावली. एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो मुले शिकू लागली. तिची मर्यादाही लवकरच उघड झाली. पुढच्या मुलाने जे घोकलेले असे, तेच तो मागच्याकडून घोकून घेई. उत्तर एका हातातून दुसऱ्या हातात जाई, समज मात्र जात नसे. आपल्या अभ्यासिकेने नेमके येथेच सावध असले पाहिजे.

एक साधे उदाहरण घेऊ. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाणी तयार होते. त्याचे समीकरण संतुलित करायचे आहे. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू, ऑक्सिजनच्या रेणूतही दोन. पाण्याच्या रेणूत मात्र हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एकच अणू. म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू उजव्या बाजूला कमी पडतो. हिशेब जुळावा म्हणून विद्यार्थी पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनच्या पायाशी दोनचा अंक लिहून मोकळा होतो. अणूंची संख्या जुळते, पण पाण्याचे हायड्रोजन परॉक्साइड होऊन बसते!

येथे मित्राने ‘दोन, एक, दोन असे लिही’ म्हणून सांगितले, तर हे समीकरण सुटेल आणि पुढचे पुन्हा अडेल. त्याऐवजी त्याने एवढेच विचारावे, “तू लिहिलेला पदार्थ पाणीच आहे का?” मग अडलेला विद्यार्थी आपणच शोधून काढतो की पदार्थाचे सूत्र बदलता येत नाही, रेणूंची संख्या बदलता येते. हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक रेणू आणि पाण्याचे दोन रेणू. पडताळाही त्यानेच घ्यावा : ४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून ३६ ग्रॅम पाणी. दोन्ही बाजूंचे वस्तुमान सारखे आले, म्हणजे उत्तराला कुणाच्या शिक्क्याची गरज उरत नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यातून ओंजळीत घेतलेल्या पाण्याचे सूत्रही हेच होते. तळे बाटले म्हणून पुढे त्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. पाण्याच्या रेणूला मात्र ना बाटण्याची वार्ता होती, ना शुद्धीची. समीकरण समजून घेतलेल्या मुलाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

अभ्यासिकेत तीन पथ्ये पाळावीत. पेन्सिल नेहमी विचारणाऱ्याच्या हातात असावी. स्वतःला येत नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगून प्रश्न सकाळी शिक्षकांकडे न्यावा. आणि शिकविणाऱ्याची जागा एकाच हुशार विद्यार्थ्याला आंदण देऊ नये. रसायनशास्त्रात अडखळणारा भूमितीत किंवा मराठीत पुढे असतो; तेथे त्याने सांगावे, इतरांनी ऐकावे. उत्तरे एकाच्या मुठीत राहिली, तर नवा पुरोहित जन्माला येतो आणि बाकीचे नकलकार होतात. समजावून सांगणाऱ्याचा तोटा कधीच होत नाही. आपल्याला नेमके काय कळलेले नाही, हे दुसऱ्याला सांगताना जितके स्पष्ट होते, तितके एकट्याने वाचताना होत नाही.

संयुत्तनिकायात आनंद आणि तथागत यांचा एक संवाद आहे. कल्याणमित्रता हा धम्मजीवनाचा अर्धा भाग आहे, असे आनंद म्हणतो. तथागत त्याला थांबवितात आणि सांगतात की, ते अर्धे नसून संपूर्ण धम्मजीवनच आहे. कल्याणमित्र आपल्यासाठी वाट चालत नाही. आपल्या पायांनी चालण्याचे बळ देतो. अडलेल्या उदाहरणापाशी बसलेल्या दोन मुलांना हा अर्थ प्रत्यक्ष जगता येतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी परिचारिका आहे, कुणी औषधनिर्माता, कुणी अभियंता. शाळेला देणगी द्यावीच. त्याबरोबर वर्षातून एखादी संध्याकाळ अभ्यासिकेत येऊन सतरंजीवर बसावे. पालकांनीही सुटीत घरी आलेल्या मुलाला किती गुण मिळाले हे जरूर विचारावे; पण त्याआधी विचारावे, “बाळा, या सत्रात तू कुणाला काय समजावून सांगितलेस? आणि तुला कुणी सांगितले?” दोन्ही प्रश्नांना नावे घेऊन उत्तर मिळाले, तर आपली शाळा योग्य मार्गावर आहे असे खुशाल समजावे.