गंजिफा : गोल पत्त्यांचा खेळ



महाड-पोलादपूरकडे पावसाची झड लागली की मुलांना बाहेर खेळता येत नाही. मग घरात पत्ते निघतात. सात-आठचा डाव रंगतो आणि कोणी किती हात केले, ते मोजले जाते. हे पत्ते चौकोनी असतात. पण आपल्या कोकणातच गोल पत्तेही तयार होतात, हे तुम्हांला माहीत आहे का? पोलादपूरहून कशेडी घाट ओलांडून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे गेले की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. तेथील सावंतवाडी हे गाव या पत्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांना गंजिफा म्हणतात.

गंजिफा हा शब्द फारसीतून आला. १५२७ साली बाबर बादशहाने सिंधच्या शाह हसनला गंजिफे पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या खेळाची माहिती लिहिली.

मोगली गंजिफ्यात ९६ पाने असतात. त्यांचे आठ रंग असून प्रत्येक रंगात बारा पाने असतात. रंगांची नावे ऐका : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. यांतील बहुतेक शब्द तुम्ही उर्दूत वाचलेले आहेत. मात्र येथे बरात म्हणजे लग्नाची वरात नव्हे; बरात म्हणजे लेखी हुकूमनामा. चंग हे तारांचे वाद्य, तर किमाश म्हणजे माल. सफेद म्हणजे चांदीचे नाणे आणि सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे.

आता खेळाचे मुख्य नियम पाहू. खेळाडू तीन असतात. प्रत्येकाला ३२ पाने मिळतात. प्रत्येक रंगात मीर, म्हणजे राजा, सर्वांत मोठा असतो. त्याच्याखाली वजीर. पुढे एक ते दहा ही पाने येतात. पण येथे एक गंमत आहे. ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम या चार रंगांत वजिरानंतर दहा मोठा आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या चार रंगांत मात्र उलटे! तेथे वजिरानंतर एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे सुर्खचा मीर आहे, तो सुरुवात करतो. रात्री हा मान सफेदच्या मीराला मिळतो. सोन्याचे नाणे सूर्यासारखे आणि चांदीचे चंद्रासारखे, असा त्यामागे विचार आहे.

एकाने पान टाकले की दुसरे दोघे एकेक पान टाकतात. उतरलेल्या रंगाचे मोठे पान ज्याचे, त्याचा हात. या खेळात कापणारा हुकमी रंग नसतो. म्हणून कोणती पाने खेळून गेली, हे लक्षात ठेवावे लागते. मीर आणि वजीर गेले की लहान वाटणारे पानही हात मिळवून देते. नशिबाने पाने मिळतात. हात मात्र स्मरणशक्तीने होतात.

शेवटी ज्याचे हात जास्त, तो जिंकतो. एकूण हात ३२. बत्तीसला तिनाने नि:शेष भाग जात नाही. त्यामुळे तिघांचे हात कधीच सारखे होत नाहीत. कोणी ना कोणी पुढे जातोच!

सावंतवाडीत दशावतारी गंजिफा तयार होतो. त्यात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पाने असतात. तिघांत प्रत्येकी ४० पाने येतात. येथेही पाच रंगांत दहा मोठा, तर पाच रंगांत एक्का मोठा. दिवसा रामाचा राजा सुरुवात करतो आणि रात्री कृष्णाचा. पाहिलेत? चित्रे बदलली, नावे बदलली. पण नियम तोच राहिला. फारसी नावाचा खेळ कोकणच्या चिताऱ्यांनी आपला केला. खेळणाऱ्याचा धर्म पानांनी कधी विचारला नाही.

काळाच्या ओघात ही कला मागे पडली. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. आज तेथे सुंदर गंजिफे मिळतात. लोक ते शोभेसाठी घेतात. परंतु खेळू जाणणारे फार थोडे उरले आहेत. चित्र जपले आणि नियम विसरले, तर पाने उरतील, खेळ उरणार नाही. नियम लिहून ठेवणे आणि दुसऱ्याला शिकवणे, हेही वारसा जपणेच आहे. हे काम तुम्हीही करू शकता. मात्र पैसे लावू नका. पैसे लावले की खेळ संपतो आणि जुगार सुरू होतो.

शब्दार्थ
झड – सतत पडणारा पाऊस
नि:शेष – बाकी न उरता
चितारी – चित्रे रंगवणारा कारागीर
वारसा – पूर्वजांकडून मिळालेला ठेवा

स्वाध्याय
१. सुर्ख या रंगात एक्का मोठा की दहा? ताजमध्ये काय होते?
२. 'नशिबाने पाने मिळतात. हात मात्र स्मरणशक्तीने होतात,' असे लेखक का म्हणतो?
३. दशावतारी गंजिफ्यात तिघांचे हात सारखे होऊ शकतील का? हिशेब करून सांगा.
४. घरातील वडीलधाऱ्यांना एखाद्या जुन्या खेळाचे नियम विचारा आणि मराठीत दहा ओळींत लिहा.