फासे टाकण्याआधी जागा बघ

सई, एका बाजूला माणसांचे स्पेस मरीन आणि दुसऱ्या बाजूला परग्रहवासी टायरॅनिड असा स्टार्टर सेट तू आणि ओंकारने मिळून घेतलात, हे उत्तम केलंत. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने 1987 मध्ये 'वॉरहॅमर 40,000' हा छोट्या सैनिकांचा टेबलावरचा युद्धखेळ बाजारात आणला. ग्रहच्या ग्रह फस्त करत येणारी ही टायरॅनिडांची धाड त्यातली माझी सर्वांत आवडती. खेळायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की कर. आक्रमणाच्या डावात किती मारले हे कोणी विचारत नाही. कुठली जागा किती वेळ धरली, ते विचारतात. आता बाकीचं ऐक.

लहान टेबलावर शीक. सैन्याची किंमत 2000 गुण असलेल्या पूर्ण डावाला 60 बाय 44 इंचांचं टेबल आणि अख्खी दुपार लागते. कॉम्बॅट पॅट्रोल या छोट्या डावाला 44 बाय 30 इंच पुरतात. जेवणाच्या टेबलावर भागतं. पहिला खोका रंगवून होईपर्यंत दुसरा घ्यायचा नाही. न रंगवलेल्या प्लास्टिकचे डबे कपाटात साठायला लागले की हौस आटते.

गोंद आणि हवा ओळख. प्लास्टिकचा खास गोंद प्लास्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो, पण धातू आणि रेझिनवर तो चालत नाही. तिथे फेविक्विकच. पडक्या इमारती थर्माकोलच्या करणार असशील तर आधी फेविकॉलचा जाड हात दे, पूर्ण वाळू दे आणि मगच रंग लाव. थेट स्प्रे मारलास तर थर्माकोल डोळ्यांदेखत खड्डे पडून विरघळतं. ठाण्याच्या पावसाळ्यात स्प्रे प्रायमरच्या नादी लागू नकोस. दमट हवेत तो खरखरीत, भुकटी बसल्यासारखा बसतो. त्या चार महिन्यांत ब्रशने लावायचा प्रायमर वापर.

रंग पातळ, हात दोन. जाड रंगाचा एकच थर दिलास तर चेहऱ्यावरचे दात, चिलखतावरचे खिळे सगळं बुजून जातं. दहा जणांचं युनिट असेल तर दहाही जणांना आधी एकच रंग दे, मग पुढचा घे. बेसची कडा मात्र सगळ्यांची एकसारखी रंगव. टेबलावर तीन फुटांवरून बघणाऱ्याला तेवढ्यानेच सैन्य एका हातचं वाटतं.

आभाळातून येणाऱ्याला उतरायला जागा ठेवू नकोस. 2023 च्या दहाव्या आवृत्तीत डीप स्ट्राइकने येणाऱ्या युनिटला शत्रूपासून 9 इंचांहून जास्त लांब उतरावं लागतं. उतरल्यावर लगेच धडक द्यायची तर दोन फाशांवर 9 किंवा जास्त पडायला हवेत. छत्तीस शक्यतांपैकी दहाच तशा, म्हणजे साधारण चार वेळांत एकदा. बचाव करताना तुझ्या दोन शिपायांमधलं अंतर 18 इंचांच्या आत असलं की त्या रेषेवर कोणाला उतरता येत नाही. रेषेच्या पुढे-मागे फटी उरतात, म्हणून अंतर 12 धर. दोन्ही अंगांना साडेसहा इंचांची पट्टीही झाकली जाते. टेप हातात घेऊन हे एकदा मांडून बघ, म्हणजे पक्कं डोक्यात बसेल.

टायरॅनिडांचा मेंदू शोध. निम्म्याहून कमी उरलेल्या युनिटला फासे टाकून धीर टिकतो का ते बघावं लागतं. तो खचला की त्या युनिटची जागेवरची पकड शून्य होते. तो मेंदू म्हणजे सिनॅप्स असलेला प्राणी; त्याच्यापासून 6 इंचांत असलेल्या टायरॅनिडांना या वेळी दोनाऐवजी तीन फासे मिळतात. म्हणून त्यांच्याशी लढताना गोळ्या किड्यांच्या झुंडीवर उधळू नकोस, त्या प्राण्यावर रोख. आणि टायरॅनिड तुझ्याकडे असतील तेव्हा त्यालाच भिंतीआड ठेव, झुंड पुढे जाऊ दे.

एक युनिट खर्ची घालायची तयारी ठेव. एच. जी. वेल्सच्या 1898 च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये 'थंडर चाइल्ड' ही युद्धनौका मंगळवासीयांच्या तीन पायांच्या यंत्रांवर चाल करून जाते. ती बुडते, पण निर्वासितांची बोट निसटते. टेबलावरही तेच. जागेवर उभं राहून एक फेरी खाणारं स्वस्त युनिट हे मागे सुखरूप उभ्या असलेल्या महागड्या रणगाड्यापेक्षा जास्त गुण मिळवून देतं.

डाव मुद्दाम विषम मांड. परग्रहवासी चढाई करून येतात तर दोन्ही सैन्यं सारखी कशाला? चढाई करणाऱ्याला 1000 गुण दे, बचाव करणाऱ्याला 750. मग बचाव करणाऱ्याला सांग, पाच फेऱ्या संपताना मधली जागा तुझ्याकडे असली की तो डाव तुझा. याच वेल्सने 1913 मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात लिहिले, आणि त्यातही प्रत्येकाच्या चालीला घड्याळ लावलं होतं. तूही लाव, नाहीतर ओंकार एका चालीवर अर्धा तास बसेल.

आधी बोल, मग हलव. "हा इथून दिसू नये म्हणून मी त्याला भिंतीआड ठेवतेय," असं मोठ्याने सांग. पुढे वाद होत नाही. फासे ट्रेमध्येच टाकायचे. तिरका पडला तर पुन्हा टाकायचा, हे पहिल्या फाशाआधीच ठरवून घ्या. आवृत्ती बदलली की आकडे बदलतात, तेव्हा वरचे आकडे तुमच्या नियमपुस्तकाशी ताडून बघा.

विषम खेळाचा अंतिम निकाल एका डावात लावू नका. बाजू बदलून तोच डाव पुन्हा मांडा आणि दोन्ही डावांत प्रत्येकाने जागा धरून मिळवलेल्या गुणांची बेरीज करा. ज्याची बेरीज जास्त, तो जिंकला.